भाईंदरच्या खाजणाची बंदिस्ती

साष्टीच्या बेटाचे उत्तर टोक जेथे वसईच्या खाडीला टेकते, तेथे निसर्गाने भूमी अशी फारशी दिलेलीच नव्हती. पूर्वेस घोडबंदर, काशी आणि चेणे यांच्या माथ्यावरची डोंगराची रांग, पश्चिमेस डोंगरी, चौक आणि उत्तन या गावांना अंगाखांद्यावर घेऊन समुद्राकडे तोंड केलेली टेकडी, आणि या दोन उंचवट्यांच्या मध्ये भरतीबरोबर बुडणारे व ओहोटीबरोबर चिखल होऊन उघडे पडणारे विस्तीर्ण खाजण, ही मिरा-भाईंदरची मूळ रचना होय. नवघर, खारी, गोडदेव, राई, मोर्वे, मुर्धे ही जुनी गावे या खाजणाच्या कडेने, किंचित उंच जागा पाहून वसली. ज्या सपाटीवर पुढे लक्षावधी माणसांची वस्ती झाली (2011 च्या जनगणनेत या महानगरपालिकेच्या हद्दीत आठ लाखांहून अधिक माणसांची नोंद आहे), ती सपाटी मात्र पिढ्यान् पिढ्या टोपलीने माती वाहणाऱ्या माणसांनी समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली आहे.

या प्रदेशाचा इतिहास सांगू लागले म्हणजे बहादूरशहाने 1534 मध्ये पोर्तुगीजांना दिलेली वसई, चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये जिंकलेली वसई आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी घेतलेली साष्टी, हे टप्पे आपण घडाघडा सांगतो. परंतु ज्या मातीच्या बांधांवाचून या तिन्ही सत्तांना येथून एक खंडी भातही वसूल झाले नसते, त्यांचा उल्लेख आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच सापडतो. मला हा अन्याय वाटतो. किल्ला एकदा बांधला की त्याची भिंत शे-दोनशे वर्षे उभी राहते. खाजणाचा बांध दरवर्षी झिजतो, दरवर्षी दुरुस्त करावा लागतो, आणि म्हणूनच तो कोणी बांधला यापेक्षा तो कोणी राखला हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. जमिनीवरचा हक्क आणि तिच्यावर येणाऱ्या पाण्याचा जिम्मा यांची सांगड या भागात केव्हा बसली आणि केव्हा सुटली, ते या लेखात पाहावयाचे आहे.

खाजणाच्या बंदिस्तीत दोन पाण्यांचा विचार करावा लागतो. एक पाणी समुद्राचे: ते दिवसातून दोनदा येते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते आणि अष्टमी-नवमीच्या भांगास पुष्कळ खाली राहते. दुसरे पाणी आभाळाचे: ते वर्षातून चार महिने येते, पण येते तेव्हा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास येते, आणि त्यातले बरेचसे पूर्वेच्या डोंगरावरून वाहत याच सपाटीवर उतरते. पहिले पाणी अडवावे तर दुसऱ्याची वाट बंद होते. दुसऱ्याला वाट द्यावी तर त्याच वाटेने पहिले आत शिरते. याचा अनुभव मुंबईनेही घेतला. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले समुद्राचे खिंडार बांध घालून बुजविण्यात आले, तेव्हा मुंबईची मधली दलदल कोरडी होईल अशी अपेक्षा होती. भरती थांबली खरी, परंतु सखल भागात पावसाचे पाणी साचून राहू लागले आणि ते बाहेर काढण्यासाठी पुढे चर खणावे लागले, वरळीच्या बाजूस दरवाजे बसवावे लागले. राजधानीतल्या इंजिनियरांना जे अनुभवांती उमगले, ते साष्टीतल्या खाजणावर राबणाऱ्या आगऱ्याला पूर्वापार ठाऊक होते. तो बांधाचा आराखडा मनात धरताना आधी उघाडीची जागा ठरवी.

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेले, फळीच्या झडपेचे दार. भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले की त्याच्याच दाबाने झडप घट्ट मिटते. ओहोटीने बाहेरची पातळी उतरली की आत साचलेले पावसाचे पाणी झडप ढकलून निघून जाते. यंत्र नाही, पहारेकरी नाही. चंद्राच्या गतीवर चालणारे हे दार. तथापि त्याचे यश एका गोष्टीवर अवलंबून असते. दार मिटलेले असताना, म्हणजे भरतीचे चार-सहा तास, पडणारा सगळा पाऊस बांधाच्या आत कोठे तरी थांबला पाहिजे. म्हणून शेतांच्या मधून सखल, रुंद चर उघाडीपर्यंत नेलेले असत आणि त्यांच्या तोंडाशी थोडी जागा मुद्दाम मोकळी, बिनलागवडीची ठेवलेली असे. पाहणाऱ्यास ती पडीक वाटे. पण भरतीच्या वेळी पावसाला उसंत देणारी तीच जागा होती, आणि तिच्या क्षेत्रफळावरच सबंध खाराचे, म्हणजे बांधाआतल्या शेताचे, पीक तगून राही.

बांधाची माती बांधाजवळचीच. ओहोटीच्या वेळी चिखलाचे चौकोनी ढेपळे कापून, माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे देऊन, थरावर थर चढवावयाचे. मधून मधून पेंढा आणि तिवरांच्या फांद्या घालावयाच्या. आणि एक थर बसून आळल्यावाचून दुसरा घालावयाचा नाही. माती ज्या खड्ड्यातून काढली तो खड्डा बांधाच्या पायाला भिडू द्यावयाचा नाही, मध्ये पुरेसा पदर सोडावयाचा, नाही तर बांध आपल्याच खड्ड्यात सरकतो. समुद्राकडचा उतार पसरट, शेताकडचा त्याहून उभा. बाहेरच्या बांधाला, म्हणजे बाहेरकाठ्याला, लाट थेट भिडू नये म्हणून त्याच्यासमोर तिवरांची झाडी राखावयाची. आणि जेथे खाडीचा प्रवाह वळण घेऊन बांधाला घासतो, तेथे डोंगरातून आणलेला दगड रचून अंग झाकावयाचे. हे नियम कोणत्या ग्रंथात लिहिलेले नव्हते, पण आज खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगांना आवर घालणारा अभियंता जे नियम पाळतो, त्यांच्यात आणि या नियमांत तत्त्वाचा फरक नाही.

बांधाचे शत्रू तीन. उधाणाची लाट हा सर्वांच्या डोळ्यांपुढचा. दुसरा खेकडा, जो बांधाच्या पोटात बीळ करतो आणि त्या बोटभर बिळातून शिरलेले पाणी एका भरतीत हातभर भगदाड पाडते. आणि तिसरा, सर्वांत कमी ओळखला जाणारा, पाऊस. खाऱ्या पाण्यात मुरलेली चिकणमाती जोवर खारट आहे तोवर घट्ट राहते. पावसाच्या गोड्या पाण्याने तिच्यातले मीठ धुऊन गेले आणि सोडियम मात्र कणांना चिकटून राहिला, की तेच कण एकमेकांपासून सुटतात आणि माती गढूळ पाणी होऊन ओघळींनी वाहू लागते. वैशाखात भेगाळलेला बांध आषाढात आतून विरतो तो यामुळे. म्हणून दुरुस्ती पावसाळा संपल्यावर एकदा आणि लागण्यापूर्वी पुन्हा एकदा करावी लागे, आणि बांधाच्या माथ्यावर गवताची जाड साय धरावी लागे.

इतके करूनही खांड पडत असे. खांड पडली, म्हणजे बांध फुटून खारे पाणी आत शिरले, की त्या वर्षाचे पीक गेलेच, पण पुढचे दोन-तीन पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन जाईपर्यंत धड पीक येत नसे. खांड बुजवावयाची तर पुढच्या उधाणाच्या आत, भांगाच्या चार दिवसांत, आणि तीही ओहोटीच्या तासांत. त्यामुळे त्या कामाला घरटी माणूस देणे हा खारेपाटात, म्हणजे अशा खारजमिनीच्या पट्ट्यात, सर्वत्र मान्य असलेला शिरस्ता होता. अलिबाग-पेणच्या बाजूस या सामुदायिक श्रमाला ‘जोळ’ म्हणत. अशा जमिनीत नांगर चालत नाही. रहू, म्हणजे मोड आणलेले भाताचे बी, चिखलावर फेकावे लागते आणि लाल, जाडे, खारास सोसणारे भात हाती येते. त्या भाताची गोडी ज्यांनी चाखली आहे त्यांना त्याच्यामागचे कष्ट सांगावयास नकोत.

राज्यकर्त्यांनाही या कष्टांची किंमत कळत होती, निदान वसुलाच्या हिशेबापुरती तरी. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याचा कौल मिळे: पहिली काही वर्षे माफी, नंतर वर्षागणिक चढता धारा, आणि शेवटी पूर्ण दस्त. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याने खाजणांच्या बंदिस्तीसाठी जे नियम केले त्यांतही हीच पद्धत दिसते. पहिली दहा वर्षे सारा नाही. पुढची वीस वर्षे एकरी चार आणे. तीस वर्षांनंतर रीतसर आकारणी. आणि दहा वर्षांत निम्मे व वीस वर्षांत सगळे क्षेत्र बंदिस्त झाले नाही तर पट्टा रद्द. या शेवटच्या अटीत सरकारची दृष्टी स्वच्छ दिसते. पट्टेदाराचा हक्क त्याच्या बांधावर टिकून होता. बांध पडला तर हक्कही पडावयाचा.

भाईंदर, मिरा आणि घोडबंदर या गावांच्या बाबतीत मात्र सरकारने निराळा मार्ग धरला. 1870 मध्ये येथल्या जमिनींचा 999 वर्षांचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना करून देण्यात आला, आणि खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालणे व राखणे हा त्या व्यवहाराचा गाभा होता; त्याच्या मोबदल्यात कुळांकडून पिकाचा हिस्सा घेण्याचा अधिकार पट्टेदाराला मिळाला. हजारास एक वर्ष कमी, इतक्या मुदतीचा दस्तऐवज समुद्राच्या तोंडावरच्या मातीसंबंधी करणाऱ्यांच्या आत्मविश्वासाचे आश्चर्य वाटते; परंतु त्या दस्तऐवजाने हक्क आणि जिम्मा यांची गाठ निदान कागदावर बांधलेली होती, हेही नमूद केले पाहिजे. पुढे हे हक्क हस्तांतरित होत इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले. 1951 मध्ये साष्टीतल्या जमीनदारी इस्टेटींच्या साऱ्याच्या सवलती नाहीशा करणारा कायदा झाला, तेव्हापासून या पट्ट्याचा अर्थ काय, हा वाद दफ्तरांत आणि न्यायालयांत वारंवार निघत राहिला. त्या वादाचे कागद वाचताना एक गोष्ट मनात सलते: मालकीसंबंधी पानेच्या पाने युक्तिवाद आहेत, आणि ज्या बांधांसाठी पट्टा दिला त्यांचे पुढे काय झाले याबद्दल जवळजवळ मौन.

भाताच्या खाराच्या जोडीने येथे मिठागरे होती, आणि भाईंदरचे नाव मुंबईच्या बाजारात झाले ते मिठामुळे. 1864 मध्ये मुंबई-बडोदे रेल्वेचा मार्ग साष्टीतून खाडी ओलांडून गेला आणि मिठाच्या वाहतुकीला गलबतांखेरीज दुसरे साधन मिळाले. त्याच वेळी रेल्वेचा भराव खाजणाच्या मधून उत्तर-दक्षिण गेल्यामुळे पाण्याच्या वाटा मोऱ्यांपुरत्या आकसल्या, हा त्या सोयीचा दुसरा परिणाम. मिठागर हीदेखील पाणी आणण्याची आणि काढण्याची एक नाजूक योजना असते. उधाणाचे पाणी मोठ्या साठ्यात घ्यावयाचे. तेथून तापवणीत, आणि उन्हाने ते दाट होईल तसे खालच्या वाफ्यांत सोडावयाचे. समुद्राचे पाणी बोमेच्या (दाटपणा मोजण्याच्या) मापाने साधारण साडेतीन अंशांचे असते, ते पंचविसाच्या पुढे गेल्यावर मीठ धरू लागते. शेवटच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून असा कठीण करावा लागे की लाकडी दाताळ्याने मीठ ओढताना चिखल वर येऊ नये. पावसाळ्यात मिठाच्या राशी गवताने शाकारून ठेवीत, आणि दिवाळी उलटली की पाणी काढून, बांध लिंपून, तळ पुन्हा तुडविण्यास सुरुवात होई. मिठावरचा कर 1 एप्रिल 1947 पासून उठला. तोवर या प्रत्येक राशीवर सरकारी चौकीची नजर असे. मिठाचे अधिकारी कर बुडू नये म्हणून बांधांचे, वाटांचे आणि वाफ्यांचे जे नकाशे करून ठेवीत, ते आज या भागातल्या पाण्याच्या जुन्या मार्गांचे मोलाचे दप्तर होऊ शकतात.

स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, मुंबई खारजमीन कायदा झाला, मंडळ नेमले गेले आणि मोडकळीस आलेले बांध सरकारी पैशाने उभे करण्याचे धोरण आले. 1979 मध्ये महाराष्ट्राने त्याच विषयावर नवा कायदा केला. धोरणामागची तळमळ खरी होती आणि कोकणातली पुष्कळ शेती त्यामुळे वाचली. परंतु बांध सरकारचा झाला म्हणजे खेकड्याचे बीळ बुजविण्यासही सरकारची वाट पाहण्याची सवय लागते, असा या किनाऱ्यावरचा अनुभव आहे.

गोव्यात या गोष्टीची दुसरी बाजू पाहावयास मिळते. तेथल्या खाजनांचे बांध आणि ‘मानस’ नावाची दारे गावकारी संस्थांनी शतकानुशतके सांभाळली, आणि 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगीज सत्तेनेही गावकऱ्यांचे जुने रिवाज लिहून मान्य केले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. एक टन खनिजामागे दोन ते तीन टन टाकाऊ माती निघे. तिचे डोंगर उभे राहिले, आणि पावसाळ्यात त्यांच्यावरून उतरणारा तांबडा गाळ शिरगाव, पिसुर्ले यांसारख्या गावांच्या शेतांत आणि ओढ्यांत बसला. 2012 मध्ये खाणकाम थांबले तरी माती वाहावयाची थांबली नाही. ढिगांना टप्पे पाडणे, पायथ्याशी दगडी भिंत व तिच्याआड गाळ बसण्यासाठी तळी करणे, माथ्यावरचे पाणी उतारावर न सोडता कडेने चरांत घेणे, काथ्याच्या जाळ्या अंथरून गवत धरविणे, हे उपाय तेथे करावे लागले. माथ्यावर मोडलेल्या व्यवस्थेचा भार पायथ्याच्या मानसीवर पडतो, हे गोव्याने पाहिले.

मिरा-भाईंदरची स्थिती याहून वेगळी नाही, प्रमाण मात्र लहान आहे. मुंबईचा विस्तार उत्तरेकडे सरकू लागला तसतशा काशी, मिरा आणि घोडबंदरच्या बाजूच्या डोंगराला दगडाच्या खाणी लागल्या; तेथून खडी निघाली, मुरूम निघाला, आणि मुरमाचा भराव खालच्या खारात पडू लागला. 1985 मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका झाली, आणि या अवधीत भाताच्या खारांचे आणि कित्येक मिठागरांचे रूपांतर वसाहतींत झाले. वर डोंगर कापला गेला आणि खाली खाजण भरले गेले. दोन्हीकडे पाण्याचा उतार बदलला, आणि दोन्हींचा विचार एकत्र झाला नाही.

सोडलेल्या दगडखाणीचे पुनर्वसन करावयाचे तर पहिले काम झाडे लावण्याचे नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिले काम पाण्याचे. कड्याच्या वर, कापलेल्या भागाच्या मागे, डोंगराच्या समपातळीस धरून चर खणावा, म्हणजे माथ्यावरचे पाणी कड्यावरून कोसळण्याऐवजी कडेने वळेल. त्या चराला उतार किती द्यावा हा कसोटीचा प्रश्न असतो: उतार जास्त झाला तर मुरमाचा तळ उकरला जातो आणि चराची घळ होते; कमी झाला तर गाळ बसून चर भरतो आणि पाणी नको तेथून फुटते. जेथे पाणी एकदम खाली उतरवणे भाग आहे तेथे मोठाल्या दगडांची पायऱ्यापायऱ्यांची उतरण करून त्याचा वेग मोडावा. ओघळीत अनगड दगडांचे ठेंगणे बंधारे घालावेत. आणि पायथ्याशी, पाणी वस्तीच्या नाल्यात शिरण्यापूर्वी, गाळ बसण्यास तळे ठेवून ते दर उन्हाळ्यात उपसावे. एवढे झाल्यावर वाळा आणि स्थानिक गवते उतार धरून ठेवतात, आणि त्यांच्यामागून झाडे येतात. उलट क्रमाने केलेले वृक्षारोपण दोन पावसाळ्यांत मुळांसकट खाली येते.

हे न केल्यास तो गाळ जातो कोठे, याचे उत्तर खाजणाच्या रचनेतच आहे. डोंगराचा उतार संपून सपाटी लागली की पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ तेथेच बसतो, म्हणजे नेमका त्या नाल्यांत, जे एके काळी खाराचे चर होते. तळ वर आला की नाल्यात पाणी कमी मावते. आणि खाडीकडची जुनी मोकळी जागा भरावाखाली गेलेली असल्यामुळे भरतीच्या तासांत पावसाला थांबावयास ठिकाण उरत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि सबंध उत्तर मुंबई परिसर पाण्याखाली गेला, त्या दिवसाची आठवण अपवाद म्हणून बाजूस सारता येते. पण मिरा रोडच्या सखल वस्त्यांत उधाण आणि जोराचा पाऊस यांची वेळ जुळली की दरवर्षी जे पाणी साचते, त्याला अपवाद म्हणता येत नाही. 2005 च्याच ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड आणि त्यांच्यावरचा भराव थांबविण्याचा आदेश दिला आणि 2018 मध्ये तो अंतिम निकालाने पक्का केला. बाहेरकाठ्यासमोर तिवरे राखण्याच्या जुन्या शिरस्त्याला त्यामुळे कायद्याचे बळ आले. आतल्या चरांना, उघाड्यांना आणि पाणी थांबण्याच्या जागांना मात्र अजून तसे बळ नाही.

ते मिळण्यासारखे आहे. गावनकाशे आहेत, मिठाच्या खात्याचे नकाशे आहेत, राई-मोर्वे-मुर्ध्याच्या बाजूस शिल्लक राहिलेल्या मिठागरांत प्रत्यक्ष बांध आहेत, आणि बांध राखलेल्या घराण्यांतले जाणते लोक अद्याप हयात आहेत. घोडबंदरच्या खाणीच्या माथ्यापासून भाईंदरच्या खाडीच्या तोंडापर्यंत पाण्याची प्रत्येक वाट मोजून, तिच्या तळाची पातळी भरतीच्या पातळीशी ताडून, एकाच पटावर काढावी. खाणीचा पट्टा देताना वरचा चर आणि खालचे तळे ही अट करावी आणि ती पुरी झाल्यावाचून अनामत परत देऊ नये. आणि भरावाची परवानगी देताना त्या सर्व्हे नंबरात पूर्वी पावसाचे किती पाणी थांबत होते ते मांडून तितकी जागा त्याच पाणलोटात मोकळी ठेवावी. 1870 च्या पट्ट्यात बांधाची अट घालण्याइतकी दूरदृष्टी मुंबई सरकारच्या कारकुनांना होती. आजच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात चराची रुंदी आणि तो उपसण्याचा जिम्मा कोणाचा, एवढी एक नोंद करण्यास तर नवा कायदा करण्याचीही गरज पडू नये.